पंचेचाळिशीतली निवृत्ती : पैसा साठवा, पण प्रकृती सांभाळून

निवृत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अठ्ठावन्न-साठ वर्षांचे गृहस्थ उभे राहतात. शाल, श्रीफळ, कचेरीतला निरोपसमारंभ, त्यानंतर सकाळचे फिरणे आणि नातवंडे. अलीकडे मात्र तीस-पस्तिशीतली मुलेमुली ‘पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणार’ असे बोलू लागली आहेत. यांना आळशी म्हणता येणार नाही. पगारातला निम्मा पैसा बाजूला टाकायचा, दहा-पंधरा वर्षे रेटून काम करायचे, ठरावीक रक्कम जमली की नोकरीच्या जाचातून सुटायचे, असा त्यांचा बेत असतो. इंग्रजीत या बेताला ‘फायर’ असे आद्याक्षरांचे सुटसुटीत नाव आहे. आपण त्याला आर्थिक स्वावलंबन आणि लवकर निवृत्ती म्हणू.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. ही मंडळी माझ्या दवाखान्यात येतात. येताना छातीतली धडधड, उडालेली झोप, वाढलेला रक्तदाब, पित्त, मानदुखी घेऊन येतात. पाच-दहा मिनिटे बोलल्यावर मूळ दुखणे पैशाच्या बेतात सापडते. बेत वाईट नसतो. तो राबवण्याची रीत शरीराला सोसत नाही. म्हणून आजचा लेख.

बेतामागचा हिशेब

बचतीची ही ओढ उगाच निर्माण झालेली नाही. केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी जुन्या पेन्शनऐवजी स्वतःच्या पगारातून अंशदान भरायची योजना आली. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी याच प्रश्नावर संप केला होता, तो वाचकांना आठवत असेल. खासगी नोकरीत तर पेन्शनचे नाव नको आणि नोकरीचीही खात्री नको. तेव्हा म्हातारपणाची सोय आपली आपण करावी, हा विचार शहाणपणाचाच आहे.

रक्कम किती जमवायची, यासाठी ‘वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट’ असा एक आडाखा सर्वत्र सांगितला जातो. तो विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराच्या १९९४ सालच्या अभ्यासावरून आला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा रकमेच्या सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईच्या प्रमाणात ती रक्कम वाढवत नेली, तर पैसे ३० वर्षे पुरतात, असे त्यांना जुन्या आकड्यांवरून दिसले. महिन्याला ४० हजार खर्च असेल तर वर्षाचे ४ लाख ८० हजार होतात. त्याची पंचवीस पट म्हणजे १ कोटी २० लाख.

या आडाख्यात दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे तो अमेरिकेतला आहे आणि ३० वर्षांचा आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसणाऱ्याला ४० वर्षे काढायची असतात. दुसरी गोष्ट महागाईची. ती वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांनी दुप्पट होतो. आज पंचेचाळिशीत ४० हजार लागत असतील, तर सत्तावन्नाव्या वर्षी ८० हजार आणि एकोणसत्तराव्या वर्षी १ लाख ६० हजार लागतील. व्याजाचेही तसेच आहे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज मिळत होते. एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्क्यांवर आले. जुन्या व्याजावर आयुष्यभराचा हिशेब बांधणाऱ्यांची काय ओढाताण झाली, हे आपल्या गल्लीतल्या कोणत्याही वडीलधाऱ्यांना विचारावे.

एवढ्या खोलात शिरण्याचे कारण असे की, आकडा हा अंदाज आहे आणि तो पुढेमागे सरकणार आहे. मग सरकत्या आकड्यासाठी माणसाने आपले न सरकणारे शरीर किती ताणावे, हा खरा प्रश्न. पैशाचा हिशेब चांगल्या जाणकाराकडून करून घ्यावा. शरीराचा हिशेब आपण येथे पाहू.

दवाखान्यात दिसणारे तीन प्रकार

पुढील उदाहरणांत कोणाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

पहिला छत्तीस वर्षांचा अभियंता. नोकरी पुण्यात, आई-वडील आपल्या गावात. सुटीला आला की आईच्या आग्रहाने दवाखान्यात येतो. तक्रार धडधडीची आणि झोप न येण्याची. रक्तदाब १५०/९६. ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी ठीक. मी विचारले, “दिवसातून किती वेळा बाजारभाव बघतोस?”

“मोजले नाही काका. पण तीस-चाळीस वेळा होत असेल. आणि रात्री अमेरिकेचा बाजार उघडतो तो बघतो.”

“बघून काय करतोस?”

“काहीच नाही. नुसता बघतो.”

आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “जेवतानासुद्धा मोबाईल ताटाशेजारी असतो, डॉक्टर.”

दुसरा बेचाळीस वर्षांचा, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. पन्नाशीला नोकरी सोडून गावी शेतात घर बांधायचे, हे त्याचे स्वप्न. त्यासाठी चहाचा कपसुद्धा मोजून प्यायचा. वडिलांना मधुमेह होता, तरी ‘उगाच पैसे घालवायचे’ म्हणून स्वतःची साखर कधी तपासली नाही. तो आला तेव्हा पायाला महिनाभर न भरलेली जखम होती आणि उपाशीपोटी साखर २४० निघाली. पाय वाचला, पण ड्रेसिंग, प्रतिजैविके आणि बिनपगारी रजा यांत त्याच्या कित्येक महिन्यांच्या काटकसरीचा चुराडा झाला. गोळ्या आता कायमच्या. चार आण्याची बचत आणि बारा आण्याचा दंड तो हा.

तिसरा प्रकार जे प्रत्यक्ष लवकर निवृत्त झाले त्यांचा. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची मोठी लाट आली. पुढे ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगममधून सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. पन्नाशी ओलांडलेली, हातात एकरकमी पैसा असलेली ही माणसे. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली आणि सगळेच घरात अडकले. अशा निवृत्तांपैकी एक गृहस्थ माझ्याकडे नियमित येतात. त्यांनी घरामागे रोपवाटिका काढली. आज ते माझ्यापेक्षा काटक आहेत. दुसऱ्या एकांचे वजन वर्षभरात अकरा किलोंनी वाढले, दुपारी झोप आणि रात्री जागरण सुरू झाले, संध्याकाळची ‘थोडीशी’ हळूहळू रोजची झाली. त्यांना पैशाची कमतरता नव्हती. सोमवारी सकाळी उठून करायचे काय, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

शरीरात काय घडते?

समोर साप दिसला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तातली साखर वाढवते, म्हणजे पळायला इंधन मिळावे. साप निघून गेला की सगळे पूर्ववत होते. ही निसर्गाची उत्तम सोय आहे.

पण मोबाईलवरचा लाल आकडा हाही मेंदूला सापच वाटतो आणि तो निघून जात नाही. दिवसभर थोडा थोडा फणा काढत राहतो. महिनोन्महिने असे चालले की झोप तुटते, रक्तदाब वाढलेला राहू लागतो, पोटाभोवती चरबी साठते, साखर बिघडायला मदत होते. चिडचिड वाढते आणि ती घरच्यांवर निघते.

यात मनाची एक खोड भर घालते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले की, मिळालेल्या रुपयाच्या आनंदापेक्षा गमावलेल्या रुपयाचे दुःख माणसाला बरेच जास्त होते. पुढील प्रयोगांत ते साधारण दुप्पट आढळले. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आता विचार करा. बाजार रोज पाहिला तर जवळजवळ निम्म्या दिवशी तो खाली गेलेला दिसतो. म्हणजे वर्षाच्या शेवटी नफा झाला तरी रोज बघणाऱ्याच्या पदरी दुःखच अधिक पडते. वर्षातून दोनदा बघणाऱ्याला तोच नफा होतो आणि झोपही मिळते.

मोठी पडझड येते तेव्हा तर डोके ठिकाणावर राहणे कठीण. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता, ऑक्टोबरअखेर तो साडेआठ हजारांपर्यंत घसरला. २०२० च्या जानेवारीत ४२ हजार होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली गेला आणि त्याच डिसेंबरअखेर ४७ हजारांच्या पुढे पोचला. बाजार दर वेळी इतक्या लवकर सावरेल असे कोणी समजू नये. मुद्दा एवढाच की, तापात असताना माणसाने घराचा व्यवहार करू नये तसा घाबरलेल्या मनाने पैशाचा निर्णय करू नये. पडझडीत काय करायचे हे शांत असताना कागदावर लिहून ठेवावे. वेळ आली की कागद वाचावा.

उमेद का मावळते?

या मार्गावर पहिली दोन वर्षे मजेची असतात. कर्ज फिटते, खर्चाची वही भरते, शिल्लक वाढते. शेवटची दोन वर्षेही बरी, कारण किनारा दिसत असतो. खरी परीक्षा मधल्या आठ-दहा वर्षांची. रोज तेच काम, तीच काटकसर, आणि आकडा मुंगीच्या पावलाने पुढे. मित्र गाडी घेतात, परदेशी जाऊन येतात. मग कोणी सगळे सोडून देतो आणि एका दिवाळीत दोन वर्षांची बचत उडवतो, तर कोणी घाई करून झटपट दुप्पट करून देणाऱ्याच्या नादी लागतो.

आम्हा डॉक्टरांना ही अवस्था चांगली परिचयाची आहे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला जातो, वजन वाढते, आणि नेमके तेव्हाच रुग्ण गोळ्या सोडायला बघतो. रक्तदाबाचेही तेच. काही दुखत नाही, मग गोळी कशाला? अशा रुग्णांना आम्ही उत्साहाच्या भरवशावर सोडत नाही. उत्साह हा पावसाळी ओढा आहे, कधी दुथडी तर कधी कोरडा. त्यांना आम्ही तीन गोष्टी सांगतो आणि त्याच बचत करणाऱ्यालाही लागू पडतात.

पहिली, गोळी दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवा. म्हणजे रोज ठरवावे लागत नाही. तसेच पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम बँकेतून आपोआप वळती होऊ द्या. उरलेल्या पैशांत महिना मोकळेपणाने घालवा, प्रत्येक भेळेचा हिशेब मनाशी करू नका.

दुसरी, मोजा पण रोज मोजू नका. मधुमेहात आम्ही एचबीए१सी नावाची तपासणी करतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. एका दिवसाच्या जिलबीने ती हलत नाही आणि एका दिवसाच्या उपासाने फसत नाही. आपल्या बचतीलाही अशीच तपासणी लावा. तीन किंवा सहा महिन्यांनी एकदा, ठरल्या तारखेला, चहा घेत, वही उघडून. मधल्या काळात बाजारभाव दाखवणारी सोय मोबाईलमधून काढूनच टाका.

तिसरी, पथ्य सोसेल असे ठेवा. महिनाभर नुसत्या काकडीवर राहणारा रुग्ण दुसऱ्या महिन्यात श्रीखंडाचे भांडे पुसून खातो. निम्म्या पगाराची बचत झेपत नसेल तर तिसरा हिस्सा टाका. पाच वर्षे उशीर झाला तरी चालेल. वर्षातून एकदा घरच्यांसह कोकणात किंवा पंढरपूरला जाण्याचा खर्च हा या उपचाराचाच भाग समजा.

स्वातंत्र्य हप्त्याहप्त्याने मिळते

येथे लंडनमधील एक प्रसिद्ध अभ्यास सांगण्याजोगा आहे. ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा हा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास असे त्याचे नाव. खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरिष्ठांपेक्षा बरेच जास्त दिसले. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब धरूनही तो फरक पुरता मिटेना. १९८५ साली सर मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी, म्हणजे काय करायचे, कधी करायचे, कसे करायचे हे ज्यांच्या हाती नाही, त्यांच्यात हृदयविकार अधिक होता.

तेव्हा लवकर निवृत्तीचे स्वप्न पाहणाऱ्याच्या मनाला खरी भूक असते ती अशा ताब्याची. आणि आनंदाची गोष्ट ही की, तो सव्वा कोटी जमल्याच्या दिवशी एकदम मिळणारी वस्तू नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा पडला की पहिला हप्ता मिळतो. साहेबाच्या कपाळावरच्या आठीने पोटात गोळा येणे तेथेच कमी होते. कर्ज फिटले की दुसरा हप्ता. दोन-तीन वर्षांचा खर्च जमला की तिसरा. मग रात्रपाळी नाकारता येते, कमी पगाराची पण घराजवळची नोकरी धरता येते, आजारी आईसाठी तीन महिने बिनपगारी घरी राहता येते.

माझा अनुभव असा की, बरेच जण हे हप्ते जमा झाले तरी वापरतच नाहीत. शिल्लक दोन वर्षांची आणि भीती मात्र पहिल्या दिवसाची! वर सांगितलेल्या अभियंत्याला मी विचारले, “आज नोकरी गेली तर किती दिवस निघतील?” तो हिशेब करून म्हणाला, “काका, सहा-सात वर्षे सहज.” मी म्हटले, “मग तू आजच बराचसा मोकळा आहेस. रात्री अकराचे फोन घेणे थांबव.” त्याने रात्रीचे काम सोडले, बाजार बघणे बंद केले, चालणे सुरू केले, मीठ कमी केले. तीन महिन्यांनी रक्तदाब १३२/८४ होता. सर्वांनाच असे गोळीवाचून भागेल असे मात्र नाही. ज्यांना गोळी लागते त्यांनी ती मनाने बंद करू नये.

काटकसर कोठे करू नये?

१) जेवणात. डाळ, उसळ, दूध, भाजी, हंगामी फळ यांत कपात नको. पेरू, केळी ही गरिबाची फळेच उत्तम.

२) झोपेत. सात तास झोप हवीच. जादा कामासाठी रोज दोन तास झोप मोडणारा पुढच्या औषधांसाठी पैसे साठवीत असतो.

३) तपासणीत. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा पाहावी. सरकारी आरोग्य केंद्रात हे मोफत होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आढळला तर पुन्हा तपासून खात्री करावी आणि उपचार घ्यावा.

४) दातांत. दुर्लक्षित कीड आज भरता येते, वर्षाने मुळापर्यंत जाते.

५) आरोग्यविम्यात. कंपनीने काढलेला विमा सहसा नोकरीबरोबर संपतो, हे लवकर निवृत्त होणारे हमखास विसरतात. स्वतःचा वेगळा विमा धडधाकट असतानाच काढावा. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी प्रतीक्षाकाळ लावू शकते; २०२४ च्या नियमांनी त्याची कमाल मर्यादा चारवरून तीन वर्षांवर आणली. म्हणजे नोकरी सोडल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. विम्याच्या अर्जात आजार लपवू नये, पुढे दावा नाकारला जाऊ शकतो.

६) आई-वडिलांच्या औषधांत आणि मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियांत. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता म्हातारे माणूस पायरी चुकते आणि खुबा मोडतो.

मग काटकसर करायची कोठे? तंबाखू, गुटखा, दारू येथे पहिली कात्री लावा. एकाच कात्रीत पैसा आणि आयुष्य दोन्ही वाचतात. लग्नातला बडेजाव, हप्त्यावरची मोठी गाडी, दर दोन वर्षांनी नवा मोबाईल हे पुढचे. औषधांवरही बचत होते. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातली औषधे घ्यावीत, कित्येक गोळ्या तेथे पुष्कळ स्वस्त असतात. सर्वांत स्वस्त औषध चालणे. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, दम थोडा लागेल अशा चालीने.

घरातली दोन माणसे, एक बेत

एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने सोसायचे, असा बेत टिकत नाही. नवरा शिल्लक मोजतो आणि बायको मुलाच्या सहलीचे शंभर रुपये मागायला कचरते, अशा घरांतून मला डोकेदुखीचे रुग्ण मिळतात. कधी याच्या उलटही असते. महिन्यातून एकदा दोघांनी तासभर बसावे. किती साठवायचे, कशासाठी, आणि कशावर हात आखडायचा नाही, हे दोघांनी मिळून ठरवावे. मुलांसमोर ‘पैसे नाहीत’ असे रोज म्हणू नये, मुलांच्या मनात भीती बसते. ‘हे आपण आत्ता घेणार नाही’ असे सांगावे, ते त्यांना समजते.

निवृत्तीच्या आधी तालीम

नाटकवाले प्रयोगाआधी तालीम करतात. आपणही करावी. शक्य असेल तर साठलेली रजा घेऊन एक महिना निवृत्त माणसासारखे राहून बघावे, प्रवासाला न जाता घरीच. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा आला, घरच्यांशी खटके उडाले, तर ते आत्ताच कळलेले बरे. रोज ठरल्या वेळी उठणे, अंगमेहनतीचे काही काम, ज्यात चार माणसांशी गाठ पडेल असे एखादे काम, आणि नवे शिकण्यासारखे काहीतरी, एवढे हाताशी असेल तर निवृत्ती मानवते. शिकवणी घ्या, वाचनालयात बसा, शेती करा, भजनी मंडळात तबला वाजवा. हे छंद पंचेचाळिसाव्या वर्षी दुकानात विकत मिळत नाहीत. त्यांचेही बी आजच पेरावे लागते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, चिडचिडीने घर त्रस्त झाले असेल, दारूचे प्रमाण वाढले असेल, तर संकोच न करता आपल्या डॉक्टरांना सांगा. छातीत दुखणे, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, घाम, दम लागणे यांना ‘ताणामुळे असेल’ असे घरच्या घरी ठरवू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. पैशाच्या नुकसानीने जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी जवळच्या माणसाजवळ बोला. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. बुडालेला पैसा पुन्हा उभा राहतो. घरातले माणूस गेले तर ते परत येत नाही.

थोडक्यात सांगायचे तर, पैसा जरूर साठवावा. तरुणांनी लवकर मोकळे व्हावे, आपल्या मनासारखे जगावे, यात गैर काहीच नाही. फक्त त्या मोकळेपणाच्या दिवशी तो उपभोगायला धड गुडघे, शांत झोप आणि आपल्याशी बोलणारी माणसे शिल्लक असावीत. आज रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा आणि या रविवारी रक्तदाब मोजून घ्या. सुरुवातीला एवढे पुरे.

पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील जुलाब आणि मीठ-साखर-पाणी.